नाडी ताळ्यावर आली, पण...

१९१२ सालची गोष्ट. एक डच व्यापारी कारेल वेंकेबाख या हृदयतज्ज्ञांकडे गेला. त्याची नाडी मधूनमधून अनियमित चाले. यावर उपाय नाही, असे डॉक्टरांनी सांगताच तो म्हणाला, “उद्या नियमित नाडी घेऊन येतो.” आणि तसा आला! हिवतापावरचे कोयनेल घेतले की नाडी ताळ्यावर येते, हे त्याने अनुभवाने हेरले होते. १९१४ मध्ये वेंकेबाख यांनी ते नमूद केले. १९१८ मध्ये वाल्टर फ्राय यांनी सिंकोनाच्या सालीतलेच क्विनिडिन अधिक गुणकारी असल्याचे दाखवले. पुढे अशा औषधांची रांगच लागली.

दोन गोष्टी जोडीने दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, असे मी वर्गात इतिहास शिकवताना नेहमी सांगतो. वैद्यकाला हा धडा फार महागात पडला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांच्या हृदयात ज्यादा ठोके पडतात, ते अधिक संख्येने दगावतात, हे दिसत होते. तेव्हा ठोके आवरले की माणूस वाचेल, असे डॉक्टरांनी सद्हेतूने मानले आणि गोळ्या दिल्या.

१९८७ मध्ये ‘कास्ट’ या चाचणीत हा समज पारखायला घेतला. ज्यांचे ठोके औषधाने खरोखर आवरत होते, असेच रुग्ण निवडले. काहींना एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड दिले, काहींना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी. एप्रिल १९८९ मध्ये या दोन्ही औषधांची चाचणी थांबवावी लागली. १९९१ च्या अहवालातले आकडे असे : सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ दगावले, न घेणाऱ्या ७४३ पैकी अवघे २६.

ही औषधे हृदयातील विद्युत्प्रवाह मंदावतात. झटक्याने व्रण पडलेल्या स्नायूत तोच मंद प्रवाह भोवऱ्यासारखा फिरू लागून प्राणघातक ठरू शकतो. ज्या आजारावर औषध, तोच आजार औषधाने उद्भवावा, असा हा प्रकार!

म्हणून औषध वाईट ठरत नाही. फ्लेकेनाइड आजही दिले जाते. मात्र हृदयाचे स्नायू धडधाकट आहेत, हे पाहून. अमिओडॅरोन उपयोगी आहे, पण थायरॉइड आणि फुप्फुसांवर लक्ष ठेवावे लागते. वाचकांनी आपली गोळी मनाने बंद करू नये, शेजाऱ्याची तर मुळीच घेऊ नये. डॉक्टरांना मात्र जरूर विचारावे : याने नाडी सुधारेल, की आयुष्यही वाढेल? हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत, हे त्या ६३ जणांनी जगाला शिकवले.