डावीकडेच वळणारी बग्गी

विंचूर (ता. निफाड) : रेडिओ-नियंत्रित बग्गी ही मुळात खाचखळग्यांची गाडी. उंचवट्यावरून झेप घ्यावी, खाली आपटल्यावरही सरळ धावावे आणि दोन्ही बाजूंना सारख्याच सफाईने वळावे, या हेतूने तिची बांधणी झालेली असते. मात्र तीच गाडी मातीच्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवर, म्हणजेच 'डर्ट ओव्हल'वर उतरवली, की हेच गुण तिला मारक ठरतात. येथे गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने धावतात. प्रत्येक वळण डावीकडचे असते आणि उडी कोठेच नसते. त्यामुळे बग्गीचे रूपांतर करणे म्हणजे तिचा दोन्ही बाजूंचा समतोल जाणीवपूर्वक मोडणे होय. नवी गाडी विकत न घेता हे काम बऱ्याच अंशी घरी करता येते. मात्र ते फळाला येईल की नाही, हे अखेर पायाखालची माती ठरवते.

मूळ अमेरिकेत

या शर्यतीची परंपरा अमेरिकेतील मोठ्या मोटारींच्या मातीच्या मैदानांवरून आली. ओहायो राज्यातील एल्डोरा हे मैदान 1954 मध्ये सुरू झाले. आयोवातील नॉक्सव्हिल येथील 'नॅशनल्स' ही स्पर्धा 1961 पासून भरते. छोट्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी हाच खेळ एक दशांश आकारात आणला. 'टीम असोसिएटेड' कंपनीची 'आरसी 10' ही बग्गी 1984 मध्ये बाजारात आली आणि पुढे ओव्हलसाठी अनेकांनी तिचेच रूपांतर केले. 2008 मध्ये आलेला 'ट्रॅक्सस स्लॅश' हा छोटा ट्रकही याच कामी आला. मागील दोन चाकांना गती देणारी, सुमारे दीड किलो वजनाची साधी बग्गी सुरुवातीला पुरेशी असते.

वजन डावीकडे

गाडी डावीकडे वळताना तिचा भार उजव्या चाकांवर जातो. हा भार किती असतो, हे एका साध्या हिशेबाने कळते. पाच मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवर तिच्या वजनाइतकाच जोर बाजूने पडतो. वेग दुप्पट झाला, तर हा जोर चौपट होतो. म्हणून पहिली दुरुस्ती वजनाची. बॅटरी हा गाडीतील जड भाग. तो मध्यावरून काढून डाव्या कडेला बसवावा. एकूण वजनापैकी 55 टक्क्यांच्या आसपास भार डाव्या चाकांवर असणे, ही सुरुवातीसाठी योग्य मर्यादा आहे. चारही चाकांखाली स्वयंपाकघरातील सारख्या उंचीचे छोटे वजनकाटे ठेवून तो मोजता येतो.

त्यानंतर गाडीची उंची कमी करावी. शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्यावर आतून छोटी नळी बसवली, की त्याची हालचाल आखूड होते आणि गाडी जमिनीलगत येते. उजव्या बाजूचे स्प्रिंग सामान्यतः डाव्यापेक्षा ताठ ठेवतात. पुढच्या दोन्ही चाकांचे माथे डावीकडे किंचित कललेले असावेत. याचाच अर्थ उजवे चाक वरून आत, तर डावे वरून बाहेर झुकलेले असते. सुकाणू मात्र फक्त डावीकडे वळेल असे कधीही बांधू नये. मागची बाजू घसरू लागली की चाके क्षणभर उजवीकडे वळवूनच गाडी सावरावी लागते.

खळ्यावरचे गणित

चाकांचे गणित समजण्यासाठी जुने खळे आठवावे. मळणीच्या वेळी तिवड्याभोवती बैलांची पात फिरत असे, तेव्हा आतल्या बैलाला कमी आणि बाहेरच्या बैलाला जास्त चालावे लागे. ओव्हलवरही मागच्या उजव्या चाकाला डाव्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. बग्गीमध्ये हा फरक 'डिफरन्शियल' सांभाळतो. परंतु तो सैल असेल, तर वळणावर हलके झालेले डावे चाक नुसतेच गरगरते आणि जोर वाया जातो. म्हणून तो घट्ट करतात आणि उजवीकडे किंचित मोठा टायर लावतात. या फरकाला 'स्टॅगर' म्हणतात.

दोन चाकांतील अंतर 220 मिलिमीटर आणि उजव्या टायरचा व्यास 85 मिलिमीटर धरू. डावा टायर 83 मिलिमीटरचा असेल, तर ती जोडी सुमारे नऊ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात आपोआप फिरू पाहते. डावा 81 मिलिमीटरचा केला, की ही त्रिज्या साडेचार मीटरच्या आसपास येते. वळण जितके लहान, तितका फरक मोठा. मात्र तो गरजेपेक्षा जास्त झाला, तर सरळ पट्ट्यावरही गाडी सतत डावीकडे ओढली जाते.

माती आणि पाणी

अमेरिकेतील मैदानांवर चिकणमातीला महत्त्व आहे. नाशिक-छत्रपती संभाजीनगर मार्गावरील विंचूरच्या परिसरात काळी माती आहे; तिच्यातही चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. उन्हाळी कांदा निघाल्यावर पावसापर्यंत मोकळ्या राहणाऱ्या तुकड्यावर अशी धावपट्टी करता येईल; मात्र या मातीचा स्वभाव ओळखायला हवा. ती पाण्याने फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. पावसात चाकांना गोळे चिकटतात, तर कडक उन्हात पृष्ठभाग गुळगुळीत होऊन त्यावर धूळ साचते.

यावर उपायही खळ्याचाच. माती भिजवावी, वाफसा आला की चोपावी, रोलर फिरवावा आणि पुन्हा हलके पाणी शिंपडावे. वळणाची बाहेरची कड आतल्यापेक्षा किंचित उंच ठेवली, तर गाडी कमी घसरते. आतली सीमा आखायला ठिबक सिंचनाच्या जुन्या नळ्या पुरेशा होतात. माती ओलसर असताना लांब, मऊ दाते असलेले टायर पकड घेतात. ती टणक झाल्यावर बारीक दात्यांचे टायर लावावेत.

धोक्याच्या जागा

ओव्हलवर मोटरला उसंत मिळत नाही. म्हणून पहिल्या फेरीसाठी मोटरवरचे दातेचाक लहान घ्यावे आणि तीन मिनिटांनी मोटर किती तापली ते तपासावे. दोन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा पूर्ण भार 8.4 व्होल्ट असतो. प्रत्येक सेल तीन व्होल्टच्या खाली कधीही जाऊ देऊ नये. फुगलेली बॅटरी वापरू नये, चार्जिंग सुरू असताना तिला एकटे सोडू नये आणि उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. या बॅटरीला लागलेली आग झपाट्याने पसरते.

2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या रिमोटला भारतात 2005 पासून स्वतंत्र परवाना लागत नाही. तरीही बॅटरी संपत आल्यावर किंवा संपर्क तुटल्यावर गाडी आपोआप थांबेल, अशी 'फेलसेफ' सोय आधी तपासावी. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रेक्षक, विशेषतः मुले, उभी राहू देऊ नयेत. सुटलेली गाडी तिकडेच जाते.

सर्व बदल एकाच दिवशी करू नयेत. आधी वजन, मग उंची, मग टायर या क्रमाने जावे. प्रत्येक बदलानंतर दहा फेऱ्यांची वेळ नोंदवावी आणि त्यासोबत माती ओली होती की कोरडी, हेही लिहावे. अन्यथा फरक गाडीमुळे पडला की मातीमुळे, ते कळत नाही. काढलेले मूळ भाग डबीत जपून ठेवावेत. जूनमध्ये पाऊस आला की काळ्या मातीवरची शर्यत थांबते आणि ते भाग परत बसवून तीच गाडी पुन्हा बग्गी होऊ शकते.