नाणेघाटातला रांजण पुरावा आहे का?

क्रूझला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, हिशेब बिघडतो तो बहुतेक वेळा जहाजावर पाय ठेवायच्या आधीच. विमानाचं भाडं वेगळं, खिडकीजवळची सीट हवी तर तिचे पैसे वेगळे, बॅगेचं वजन ठरलेल्या किलोंच्या वर गेलं तर ते आणखी वेगळे. बंदरापर्यंत पोचण्याचा हा खर्च नवा नाही. त्याचा इतिहास शोधायला आपल्याला जुन्नरच्या बाहेरही फार जावं लागत नाही, कारण नाणेघाट जुन्नर तालुक्यातच आहे.

दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरहून समुद्राकडे निघालेला माल घाटघरवरून नाणेघाटाच्या तोंडाशी यायचा, घाट उतरून आजच्या वैशाखरे, मुरबाडच्या बाजूने कल्याणला पोचायचा आणि तिथून खाडीने समुद्रात. घाटाच्या माथ्यावर दगडात घडवलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी यातच टाकत, असं तिथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं. तुम्ही उद्या ‘सातवाहनकालीन व्यापारी कर’ असा विषय घेतलात, तर हा रांजण तुमच्या पहिल्याच प्रकरणात येणार. म्हणून प्रश्न आत्ताच विचारून ठेवू: याला पुरावा म्हणता येईल का?

आधी लेण्यातला शिलालेख बघा. नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा हा लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी त्यावर काम केलं. त्यात आकडे भरपूर आहेत. ब्राह्मी अंकांच्या अभ्यासात हा लेख महत्त्वाचा मानतात तो त्यामुळेच. पण ते आकडे यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आहेत: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. म्हणजे राजघराण्याने काय दिलं ते लेख सांगतो. वाटसरूंकडून काय घेतलं, ते सांगत नाही. रांजणाचाही उल्लेख त्यात नाही.

घाटाच्या नावावरूनही फार काही सिद्ध होत नाही. ‘नाणी’ म्हणून नाणेघाट, ही व्युत्पत्ती कानाला पटते. पण शेजारच्या सुळक्याला लोक ‘नानाचा अंगठा’ म्हणतात आणि जुन्या इंग्रजी लिखाणात घाटाचं नाव ‘नानाघाट’ असं येतं. तेव्हा नावावर मजला चढवायला जाऊ नका.

मग घाटात कर घेतच नसत, असं म्हणायचं का? तसंही नाही. इथे तुलनेचा उपयोग होतो.

कौटिलीय अर्थशास्त्रात सीमेवरच्या अंतपालाने घ्यायच्या ‘वर्तनी’चे, म्हणजे वाटेच्या कराचे दर दिलेत. मालाच्या गाडीला सव्वा पण, घोड्या-गाढवासारख्या एकखुरी जनावराला एक पण, इतर पशूला अर्धा, लहान जनावराला पाव आणि खांद्यावरच्या ओझ्याला एक माष. सोळा माषांचा एक पण धरला, तर आठ हमालांचा कर एका बैलाइतका होतो. नाणेघाट पायऱ्यांचा, तिथे गाडी चढत नाही. म्हणजे असे दर इथे लागू असतेच, तर कामाचे दर बैलाचे आणि खांद्याचे. लग्नाचं, मुंजीचं, यज्ञाचं सामान शुल्कातून माफ होतं. खोटं सांगून ते सोडवणाऱ्याला चोरीची शिक्षा होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाटेत माल हरवला किंवा चोरीला गेला, तर त्याची भरपाई अंतपालाने करायची होती. पैसे घेतले की जबाबदारीही आली.

पण सांभाळा. अर्थशास्त्र ‘असं करावं’ सांगतं, ‘असं केलं’ हे सांगत नाही. त्याच्या काळाबद्दलही वाद आहेत. हे दर नाणेघाटाचे दर म्हणून लिहिलेत, तर गाईड पहिली लाल रेघ तिथेच मारतील.

खरोखर लावलेले दर बघायचे असतील तर समुद्राच्या पलीकडे जावं लागतं. आपल्या किनाऱ्याकडे येणारी जहाजं तांबड्या समुद्रावरच्या इजिप्तच्या बंदरांतून सुटत. त्या बंदरांकडे जाणारा वाळवंटी रस्ता नाईलकाठच्या कोप्तोसहून निघे. तिथे इ. स. 90 चा दगडी दरफलक सापडला आहे. खलाशाला 5 द्राख्मा, उंटाच्या परवान्याला 1 ओबोल, जहाजाची डोलकाठी न्यायची तर 20 द्राख्मा. माणूस कोण आणि सामान काय, यावर दर ठरत होता. नाणेघाटात असा एक फलक मिळाला असता, तर रांजणाबद्दल भांडायची गरजच उरली नसती.

आता आणखी एक पायरी. कर घेत होते असं धरलं, तरी घेणारा कोण? आपण पटकन ‘सातवाहन’ म्हणतो. पण जुन्नरच्याच मानमोडी डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे, वर्ष 46 चा. म्हणजे काही काळ घाटावरचं हे गाव क्षत्रपांच्या ताब्यात होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणबद्दल लिहिलंय की आधी तिथे रीतसर बाजार होता, पुढे अडथळे आले आणि तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. घाट तोच, पण वरचा सत्ताधीश बदलला आणि खालचं बंदरही अडलं. ‘सातवाहनांची जकात’ हे शब्द सालाशिवाय लिहायचे नाहीत, ते यासाठी.

जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे तीन लेख आहेत, धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीनेही एक लेणं दिलंय. पैसा आणि परदेशी माणसं या वाटेवर होती, याला हा पक्का आधार आहे.

तर तुमच्या प्रकरणात तीन वाक्यं तीन वेगळ्या जोराची हवीत. ‘जुन्नर हे व्यापारी श्रेणी आणि यवन दात्यांचं गाव होतं’: हे ठामपणे लिहा, लेख आहेत. ‘घाटात मालावर कर घेतला जात असावा’: हे ‘असावा’सकट लिहा, आधार तुलनेचा आहे. ‘रांजण जकातीचा होता’: हे ‘स्थानिक परंपरेनुसार’ असं म्हणूनच लिहा. परंपरा गाळू नका, तीही नोंदवण्याजोगी आहे. फक्त तिला शिलालेखाच्या रांगेत बसवू नका. रांजणाचं वाक्य असं थोडं खाली उतरवलं तरी तुमचं प्रकरण पडत नाही. पण व्हायवात त्यावर बोट ठेवलं गेलं आणि त्याच एका वाक्यावर तुम्ही सगळा कर उभा केला असेल, तर मात्र पडतं.