कौशी

पानझडी वनांत वाढणारा मध्यम उंचीचा देशी वृक्ष. शास्त्रीय नाव फर्मियाना कलोराटा, कुल माल्व्हेसी. भारत, श्रीलंका, म्यानमार व आग्नेय आशियात तो नैसर्गिकरीत्या आढळतो. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या उतारांवर तो भेटतो. शहरांतील रस्त्यांवर आणि बागांत मात्र क्वचितच. कोरडे महिने निभावून उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा शोभेचा वृक्ष म्हणून त्याची लागवड व्हायला हवी.

स्वरूप : साल राखाडी. पाने मोठी, लांब देठाची, तीन ते पाच खंडांची. फांद्यांच्या टोकांशी दाटीने येतात व हिवाळ्यात गळून जातात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निष्पर्ण फांद्यांवर नारिंगी-तांबड्या फुलांचे घोस येतात. फुलाला पाकळ्या नसतात. रंग असतो तो नळीसारख्या निदलपुंजाचा. त्यावर मखमली लव असते आणि तोंडातून केसरांचा दांडा बाहेर डोकावतो. मधासाठी शिंजीर व इतर पक्षी झाडावर येतात. फळ तर याहून नवलाचे. ते पिकण्याआधीच उकलते आणि पातळ, गुलाबीसर पानासारखे लोंबू लागते. त्याच्या कडेला बिया उघड्यावर चिकटलेल्या दिसतात. सालीच्या चिवट धाग्यांपासून दोर वळतात.

मुंबईतील उपयुक्तता : मुंबईत वर्षाला २,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जमीन वाळत जाते. म्हणून येथे झाड निवडताना त्याला कोरड किती सोसते हेही पाहावे लागते. शहराच्या हिरवाईला आखणीचा वारसाही आहे. मुंबईतील १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागात रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा आखल्या. पाच उद्याने आणि पारशी कॉलनीची झाडी ही त्या आखणीची देणगी. परंतु शहराच्या ओळखीची बरीच झाडे बाहेरची आहेत : शिवाजी पार्कच्या कडेचा वर्षावृक्ष अमेरिका खंडातला, गुलमोहर मादागास्करचा. कौशीला मात्र चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड हा ऋतुक्रम जन्मापासून सवयीचा आहे. पाणी आटताच ती पाने टाकते, त्यामुळे बाष्पाच्या रूपाने जाणारे पाणी वाचते.

लागवड : ताज्या बियांपासून रोपे करावीत. जागा भरपूर उन्हाची आणि पाण्याचा निचरा होणारी निवडावी. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे, पुढे त्याची गरज कमी होत जाते. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवावी. सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवू नयेत. विजेच्या तारांखाली लावू नये.

मर्यादा : फुलोऱ्याच्या काळात झाड उघडे असल्याने सावली मिळत नाही. त्यामुळे बसस्टॉप किंवा पदपथासाठी करंज लावावा. उद्यानाचा कोपरा, शाळेचे पटांगण, सोसायटीच्या आवारातील मोकळी जागा येथे कौशी शोभते. पुढच्या पावसाळ्यात वृक्षारोपणाची यादी करताना गुलमोहराच्या चार रोपांतले एक कमी करून तिथे कौशीचे एक रोप जरूर लावावे.