मार्ककृत शुभवर्तमानातील भय

येशूच्या जीवनकार्याचे कथन करणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत जुने मानले जाणारे मार्ककृत शुभवर्तमान इ. स. 70 च्या सुमारास रचले गेले असून, त्यात दैवी सामर्थ्याचा प्रत्यय आलेली माणसे पुष्कळदा भयानेच ग्रासलेली दिसतात. गालील सरोवरातील वादळात शिष्य घाबरतात, हे स्वाभाविकच. परंतु येशूच्या शब्दाने वारा पडून पाणी निवळल्यावर त्यांना वाटणारी भीती अधिक खोल आहे, कारण आता ती नावेतल्याच व्यक्तीविषयीची आहे. पुढच्याच अध्यायात, कबरींमध्ये राहून साखळ्या तोडणारा भूतग्रस्त कपडे घालून शुद्धीवर बसलेला पाहताच लोक भितात आणि येशूला आपल्या प्रदेशातून निघून जाण्याची विनवणी करतात. त्याच्या वेडापेक्षा त्याचे बरे होणेच त्यांना असह्य व्हावे, हे मार्मिक आहे. अखेरीस येशूच्या रिकाम्या कबरीपाशी शुभ्र वस्त्रांतील तरुणाने धीर देऊनही तिथे आलेल्या स्त्रिया थरथरत पळतात व भयापोटी कोणाला काही सांगत नाहीत. चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन हस्तलिखितांत हे शुभवर्तमान याच वाक्यावर (16:8) संपते. पुढील बारा वचने नंतरची भर असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात.