दोन घोटे आणि चार घोडेस्वार

अमेरिकन माणूस देवाला मानत असेल-नसेल, आकड्याला मात्र मानतो. आपण क्रिकेटवाले धावा, बळी आणि सरासरी एवढ्या शिदोरीवर जन्म काढतो. तिकडच्या फुटबॉलमध्ये खेळाडू किती वेळा चेंडू घेऊन धावला, किती यार्ड गेला, कुठे आपटला, सगळं टिपून ठेवतात. आपल्याकडे इतकी तपशीलवार नोंद फक्त लग्नातल्या अहेराच्या वहीत सापडते.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. सुट्टीवर आला की मला हा खेळ समजावून सांगायचं व्रतच घेतलंय त्याने.

"मामा, हा फुटबॉल."

"अरे, पण चेंडू तर हातात आहे!"

"पायानेही मारतात मामा. कधीकधी."

"आणि तो असा नारळासारखा का?"

या प्रश्नाला तो दरवेळी पाणी प्यायला आत जातो. पण त्याच्याकडून एक गोष्ट मात्र पक्की समजली. ती म्हणजे फुलबॅक.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, हा त्या खेळाचा कणा. सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. आता कडेने पळायला वाट मिळाली तर ठीक. पण समोर सात-आठ धिप्पाड माणसं भिंत करून उभी असली म्हणजे? अशा वेळी मागे उभ्या असलेल्या एका दणकट गड्याच्या हाती चेंडू द्यायचा आणि म्हणायचं, घूस! हा फुलबॅक. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढलेल्या माणसाला याहून जास्त स्पष्टीकरण लागू नये. आणि ही गोष्ट १९२०च्या दशकातली. त्या वेळी तेच अकरा जण चढाईही करत आणि बचावही. फुलबॅकने घुसायचं, चेंडू फेकायचा, लाथाडायचा आणि चेंडू हातचा गेला की समोरच्याला अडवायलाही यायचं. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखं.

अशा फुलबॅकांत एर्नी नेव्हर्स हे फार मोठं नाव. मिनेसोटात जन्मलेला, सहा फूट उंच, नव्वद किलोंच्या वर वजनाचा हा गडी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून खेळायचा. १९२४चा मोसम सुरू व्हायच्या आत त्याचा एक घोटा मोडला. तो सांधतोय न सांधतोय, तोच मोसमाच्या अखेरीस दुसरा मोडला. कॅलिफोर्निया विद्यापीठाशी झालेला वर्षातला सगळ्यात मानाचा सामना २०-२० असा बरोबरीत सुटला, आणि तो बिचाऱ्याने बाहेर बसून पाहिला. त्यानंतर १ जानेवारी १९२५ला पासाडेनात रोज बोलचा सामना होता. त्याच्या थोडेच दिवस आधी पायाचं प्लास्टर निघालेलं.

आपल्याकडे घोटा नुसता मुरगळला तरी माणूस आंबेहळदीचा लेप लावून चार दिवस ऑफिसला जात नाही, आणि पाचव्या दिवशी अंमळ जास्तच लंगडत जातो. नेव्हर्सच्या प्रशिक्षकाने, म्हणजे पॉप वॉर्नरने, अॅल्युमिनियमचा पत्रा आणि मोटारीच्या ट्यूबचं रबर घेऊन हातानेच पायाला आधार बनवले. ते बांधून हा गडी मैदानात उतरला आणि पुरी साठ मिनिटं बाहेर आला नाही.

समोर कोण? तर नोत्र दामचे चार घोडेस्वार. ही चौकडी प्रसिद्ध कशी झाली, तेही ऐकण्यासारखं आहे. ऑक्टोबर १९२४मध्ये नोत्र दामने आर्मीच्या संघाला १३-७ असं हरवलं. ग्रँटलँड राइस नावाच्या क्रीडापत्रकाराने त्यांच्या मागल्या फळीतल्या चार खेळाडूंना बायबलातल्या प्रलयाच्या चार घोडेस्वारांची उपमा दिली. नोत्र दामच्या प्रसिद्धीचं काम बघणारा एक चलाख विद्यार्थी होता. त्याने कुठून तरी चार घोडे पैदा केले, चौघांना खेळाच्या पोशाखात वर बसवलं आणि फोटो काढवून घेतला. तो फोटो देशभर छापून आला. चौघांतला एकही पंचाहत्तर किलोंचा नव्हता. पण एकदा घोड्यावर फोटो निघाला की वजन कोण विचारतो? नवरदेवाचं तरी कुठे विचारतात?

या चौघांतला एल्मर लेडन हाही फुलबॅकच. म्हणजे एका अर्थी सामना दोन फुलबॅकांचाच होता. आता वही उघडू या.

नेव्हर्सने ३४ वेळा चेंडू घेतला आणि ११४ यार्ड मिळवले. चारी घोडेस्वारांनी मिळून धावत जी मजल मारली, जवळजवळ तेवढी याने एकट्याने मारली. भागाकार केला तर दर खेपेला साधारण दहा फूट पडतात. आमच्या बैठकीच्या खोलीची लांबी तेवढीच आहे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं, वाटेत चार पैलवानांनी अंगावर पडायचं, आपटायचं, नुकत्याच सांधलेल्या घोट्यांवर उभं राहायचं आणि पुन्हा घुसायचं. असं चौतीस वेळा.

आणि लेडन? त्याने तीन टचडाउन केले. एक जवळून, तीन यार्डांवरून. उरलेले दोन्ही नेव्हर्सने आपल्या माणसांकडे फेकलेला चेंडू मधल्यामध्ये झेलून: एकदा ७८ यार्ड पळून आणि एकदा ७० यार्ड. बेरीज १४८. म्हणजे नेव्हर्सने चौतीस खेपांत जे कमावलं, त्याहून बरोबर ३४ यार्ड जास्त याने दोन धावांत उचलले. एकूण अंतरात स्टॅनफर्ड कितीतरी पुढे होतं, तरी फलकावर मात्र २७-१०. नोत्र दाम विजयी.

आता यात चूक कुणाची? नेव्हर्सची, असं वही म्हणते. पण घुसायचं त्याने, फेकायचं त्याने, लाथाडायचं त्याने, अडवायचं त्याने. ज्या घरात एकच माणूस भांडी घासतो, त्या घरात कप फुटला तर तो त्याच्याच हातून फुटणार! बाकीचे बैठकीत बसून "जरा जपून" म्हणायला मोकळे असतात. फुटलेल्या कपांची नोंद होते, घासलेल्यांची होत नाही. त्याच सामन्यात एकदा गोलरेषेपाशी चौथ्या प्रयत्नाला नेव्हर्स घुसला आणि ढिगाऱ्याखाली गेला. पंच म्हणाले, इंच उरले. तो पोचला होता, असं स्टॅनफर्डची माणसं पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिली. इंचांना वहीत रकाना नसतो.

दैवाने पुढेही त्याची थट्टा सोडली नाही. तो बेसबॉल खेळायला गेला, सेंट लुइस ब्राउन्सचा पिचर झाला. १९२७मध्ये बेब रूथने ६० होमरन मारून विक्रम केला, त्यातले दोन नेव्हर्सच्या चेंडूंवर. दुसऱ्याच्या पराक्रमाला हातभार लावण्याची ही हौस म्हणायची!

मग आला २८ नोव्हेंबर १९२९. न्यू यॉर्कचा शेअरबाजार कोसळून जेमतेम महिना झाला होता, देशातला प्रत्येक आकडा खाली घसरत होता. त्या दिवशी व्यावसायिक फुटबॉलमध्ये शिकागो कार्डिनल्सने शिकागो बेअर्सना ४०-६ असं लोळवलं. सहा टचडाउन आणि चार जादा गुण, चाळीसच्या चाळीस एकट्या नेव्हर्सचे. एनएफएलमधल्या एका सामन्यातला तो विक्रम अजून कुणी ओलांडलेला नाही. शेअरबाजार त्यानंतर कितीदा चढला आणि पडला. चाळीस मात्र चाळीसच. आणि १९४१मध्ये याच लीगचा कमिशनर म्हणून कोण आला? एल्मर लेडन! नेव्हर्सचे चाळीस गुण लिहिलेली वही आता त्याच्या ताब्यात.

पॉप वॉर्नरने १९१२च्या ऑलिंपिकचा वीर जिम थॉर्प यालाही फुटबॉल शिकवला होता. दोघांत श्रेष्ठ कोण असं विचारलं की म्हातारा नेव्हर्सचं नाव घ्यायचा. थॉर्पच्या अंगात कला तेवढीच होती, पण तो लहर लागली की खेळायचा. हा प्रत्येक मिनिटाला सगळं ओतायचा, असा त्याचा निवाडा. ज्याने स्वतः पत्रा वाकवून त्या घोट्यांना बांधला, त्याला हे सांगायचा अधिकार होताच.

पुढे कितीतरी वर्षांनी रोज बोलच्या जुन्या सामन्यांचे मानकरी ठरवायला मंडळी बसली. १९२५चा सामना निघाला. फलक समोर होता, तीन टचडाउन करणारा लेडनही समोर होता. त्यांनी लेडनचं नाव लिहिलं, आणि त्याच्या शेजारी हरलेल्या नेव्हर्सचंही. २७-१० कुणी खोडलं नाही, खोडायचं कारणही नव्हतं. पण इंच न् इंच मोजणाऱ्या त्या हिशेबी लोकांनी एकदा तरी घासलेले कप मोजले, एवढं खरं.