झेंडू मूळचा कुठला?

बेसाला राहायला आलो तेव्हा शेजारच्या एका गृहस्थांनी सहज विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" मी म्हटलं, नागपूरचेच. ते म्हणाले, "तसं नाही, मूळचे?"

माझी खाला सोबत होती. सारा जन्म मोमिनपुऱ्यात काढून ती आता आमच्याकडे राहायला आली आहे. ती काही बोलली नाही. फेब्रुवारीत मात्र म्हणाली, "मला एकदा महाराजबाग दाखव. फुलांचे दिवस आहेत."

मानेवाडा चौक ओलांडून आम्ही सीताबर्डीकडे निघालो. लहानपणी ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळी भावंडं महाराजबागेत जायची, हे खाला वाटभर सांगत होती.

ही बाग भोसल्यांची. नागपूरला त्यांच्या अशा अनेक बागा होत्या: तुळशीबाग, तेलंगखेडी, सक्करदरा, सोनेगाव. 1853 मध्ये तिसरे रघुजी वारले आणि दत्तक वारस नाकारून डलहौसीने राज्य खालसा केलं. पुढे 1894 साली या बागेत प्राणिसंग्रहालय आलं. 1906 मध्ये कृषी महाविद्यालय सुरू झालं. आज बाग कृषी विद्यापीठाकडे आहे.

पण भोसल्यांच्याही आधी हे शहर होतं. 1702 च्या सुमारास ते वसवलं देवगडच्या बख्त बुलंद शाहने. हा गोंड राजा. औरंगजेबाच्या दरबारी त्याने इस्लाम स्वीकारला. त्याचा मुलगा चांद सुलतान याने बांधलेल्या जुम्मा तलावाला लोक पुढे शुक्रवारी तलाव म्हणू लागले. आता तो गांधीसागर.

म्हणजे गोंड इथलेच. भोसले पश्चिम महाराष्ट्रातून आले, आमचे विणकर पूर्वज उत्तरेतून आले, इंग्रज समुद्रापलीकडून आले आणि परत गेले. मग मूळचं कोण, हे कुठल्या सालापासून मोजायचं?

खाला गुलाबाच्या वाफ्यापाशी थांबली. 'गुलाब' हा फारसी शब्द. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. आधी त्याचा अर्थ गुलाबपाणी असा होता, आपल्याकडे येऊन तो फुलालाच चिकटला. 'बाग' हा शब्दही फारसीच. मराठीतून हे शब्द काढले तर बागेत फिरायला जायचं तरी कसं?

पुढे झेंडू फुलला होता. मी तिला सांगितलं, "खाला, हा मेक्सिकोकडचा. साडेचार-पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे नव्हताच."

तिला खरंच वाटेना. "दसऱ्याचं तोरण तर याचंच असतं!"

"हो ना."

ती बाकावर बसली, थोडा वेळ फुलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्या शेजाऱ्यांच्या दारालाही होतं, दसऱ्याला. झेंडूला विचारलं का कोणी, तू मूळचा कुठला?"

परतताना तिने झेंडूची दोन रोपं घ्यायला लावली. एक आमच्या गॅलरीत आहे. दुसरं ती स्वतः शेजारी देऊन आली.