बालकांच्या अतिसक्रिय मूत्राशयावरील विद्युत मज्जातंतू उद्दीपन

विद्युत मज्जातंतू उद्दीपन ही सौम्य विद्युत स्पंदांच्या साहाय्याने मूत्राशयाशी संबंधित मज्जातंतूंचे कार्य नियमित करण्याची उपचारपद्धती आहे. बालकांत हे स्पंद बहुधा त्वचेवरूनच दिले जातात. या प्रकारास संक्षेपाने 'टेन्स' म्हणतात.

आजाराचे स्वरूप

लघवीची अचानक लागणारी अनावर घाई हे अतिसक्रिय मूत्राशयाचे मुख्य लक्षण होय. त्यासोबत दिवसातून ८ किंवा अधिक वेळा लघवीस जावे लागणे, तसेच दिवसा कपडे किंवा रात्री अंथरूण ओले होणे, ही लक्षणे आढळतात. घाई थोपवण्यासाठी मूल मांड्या आवळते किंवा उकिडवे बसून टाचेने लघवीची जागा दाबून धरते. वयाच्या ५ वर्षांपूर्वी हे निदान सहसा केले जात नाही. हा आळस वा खोडकरपणा नसल्याने रागावून किंवा शिक्षा करून लक्षणे कमी होत नाहीत.

उपचारांचा क्रम

प्रथम लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नसल्याची खात्री केली जाते. त्यानंतर दर दोन-तीन तासांनी लघवीस जाणे, पुरेसे पाणी पिणे आणि बद्धकोष्ठता दूर करणे हे प्राथमिक उपचार होत. त्यांनी पुरेसा गुण न आल्यास ऑक्सिब्युटिनिनसारखे औषध किंवा विद्युत उद्दीपन यांचा विचार होतो. या औषधाने तोंडाला कोरड पडणे व बद्धकोष्ठता असे त्रास संभवतात.

कार्यपद्धती

कमरेच्या खाली, त्रिकास्थीच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्ट्या लावून लहान यंत्राने स्पंद दिले जातात. येथील दुसऱ्या ते चौथ्या त्रिक मज्जातंतूंचा मूत्राशयाशी संबंध असतो. ब्राझीलमधील अभ्यासांत प्रचलित झालेल्या पद्धतीत १० हर्ट्झचे स्पंद २० मिनिटे, आठवड्यातून ३ वेळा, अशी एकूण २० सत्रे दिली जातात. मुलास मुंग्या आल्यासारखे जाणवते. वेदना होऊ नयेत इतपतच तीव्रता ठेवली जाते. घोट्याच्या आतील बाजूच्या टिबियल मज्जातंतूचे उद्दीपन हा दुसरा पर्याय आहे.

मर्यादा

अनेक अभ्यासांत लक्षणे कमी झाल्याचे दिसले असले, तरी त्यांतील रुग्णसंख्या मर्यादित आहे. काही मुलांत त्रास पुन्हा उद्भवतो. हृदयात पेसमेकर असल्यास किंवा पट्टीच्या जागी जखम असल्यास हा उपचार टाळतात. लघवी सतत ठिबकणे, चालण्यात दोष किंवा कण्याच्या तळाशी खळगा वा केसांचा पुंजका आढळल्यास आधी कण्याची तपासणी आवश्यक असते.

कर्जत व खालापूर तालुके

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील या तालुक्यांत उपचाराची उपलब्धता हा मुख्यतः अंतराचा प्रश्न आहे. कर्जत ते मुंबई (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) हे रेल्वेने सुमारे १०० किमी अंतर आहे. खोपोली त्याहून दूर आहे. २० सत्रांसाठी प्रत्येक वेळी मुंबईस जावे लागल्यास प्रवास सुमारे ४,००० किमी होतो. त्यात मुलाची शाळा आणि पालकांची मजुरी बुडते. त्यामुळे तज्ज्ञांनी एकदा निदान करून पालकांना यंत्र वापरण्यास शिकवणे व पुढील सत्रे घरी देणे हा पर्याय अशा भागांसाठी महत्त्वाचा ठरतो. यंत्र बॅटरीवर चालते.

प्राथमिक उपचारांसाठी मात्र यंत्राची गरज नसते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथके शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. ही तक्रार त्यांच्यापुढे मांडता येते. शाळेत स्वच्छ स्वच्छतागृह असणे आणि मागताच लघवीस जाण्याची परवानगी मिळणे हा या उपचाराचाच भाग आहे.